चष्मा काढण्याआधीचं गणित

या सदराच्या वाचकांकडून मला येणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात. मोबाइल कोणता घेऊ, मुलाला कोडिंगचा क्लास लावू का, नोकरीसाठी काय शिकू. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे: "लेझरने नंबर काढून घेऊ का?" विचारणारे बहुतेक पंचविशीच्या आसपासचे असतात. कुणाचं लग्न ठरलेलं असतं, कुणाला दिवसभर स्क्रीनसमोर बसून चष्म्याचा कंटाळा आलेला असतो.

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, त्यामुळे 'करा' किंवा 'करू नका' हे सांगणं माझं काम नव्हे. पण या ऑपरेशनमागचं गणित माझ्या पोटापाण्याच्या कामाच्या फार जवळचं आहे. बडोद्याभोवती रिफायनरी आहे, खताचे कारखाने आहेत. दाबाखाली चालणाऱ्या टाक्या कुठे ताणल्या जातील, कुठे फुगतील, याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. आणि आपला डोळा ही, इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलं तर, दाबाखालची एक छोटी टाकीच आहे.

हा विषय डोक्यात आला तो माझ्या आतेबहिणीमुळे. तिचा आणि तिच्या मैत्रिणीचा नंबर सारखाच, उणे ६. दोघी एकाच दिवशी तपासणीला गेल्या. मैत्रिणीला डॉक्टरांनी होकार दिला, बहिणीला नकार. आत्याचा मला फोन. "अरे, मशीनमधले आकडे मर्यादेत बसतात म्हणे. मग नाही का म्हणाले? दुसरीकडे दाखवू का? तू इंजिनिअर ना, सांग बघू."

आत्याला फोनवर जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहितो.

डोळ्याची पुढची काच

आपल्या डोळ्याच्या पुढच्या बाजूला जो पारदर्शक, घुमटासारखा पडदा असतो तो कॉर्निया. शाळेच्या पुस्तकात त्याला पारपटल म्हटलं आहे. त्याची रुंदी साडेअकरा-बारा मिलीमीटर. मध्यभागी जाडी साधारण अर्धा मिलीमीटर, म्हणजे ५४० मायक्रॉनच्या आसपास. (एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग.) प्रकाश वळवून दृष्टिपटलावर आणायचं सुमारे दोन तृतीयांश काम हा पडदाच करतो. आतलं भिंग उरलेलं काम करतं. त्यामुळे कॉर्नियाची वक्रता थोडी जरी बदलली, तरी नंबर बदलतो. मायनस नंबर असेल तर मधला भाग किंचित सपाट करायचा, की लांबचं स्पष्ट दिसू लागतं.

हे 'किंचित सपाट करणं' शक्य झालं ते १९८१ मध्ये अमेरिकेत केलेल्या एका प्रयोगामुळे. न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स वाइन आणि सॅम्युअल ब्लम हे तिघे एक्सायमर नावाच्या लेझरवर काम करत होते. श्रीनिवासन मूळचे मद्रासचे. थँक्सगिव्हिंगच्या सणात घरी टर्की शिजली होती. दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरला, त्यांनी उरलेला तुकडा प्रयोगशाळेत नेला आणि त्याच्या कूर्चेवर लेझर चालवला. कडेला न जळता, न करपता, स्वच्छ खाच पडली. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अतिनील प्रकाश उष्णतेनं जाळत नाही. तो पेशीजालातले बंध तोडून अगदी पातळ थर उडवतो. एका स्पंदनात मायक्रॉनचा लहानसा अंशच निघतो. पुढे न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्याबरोबर हे तंत्र कॉर्नियावर वापरून पाहिलं आणि १९८३ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला.

हत्यार मिळालं. आता किती खरवडायचं, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर १९८८ मध्ये चार्ल्स मनरलिन आणि सहकाऱ्यांनी एका सूत्रात दिलं. ते इतकं सोपं आहे की नववीतल्या मुलालाही करता येईल. जेवढ्या रुंदीच्या वर्तुळात लेझर चालवायचा, तिचा मिलीमीटरमध्ये वर्ग करा, नंबरानं गुणा, तीननं भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये येतं.

बहिणीचा नंबर ६, वर्तुळ ६ मिलीमीटरचं. छत्तीस गुणिले सहा, भागिले तीन. ७२ मायक्रॉन. मैत्रिणीचंही तेवढंच.

सूत्रात नसलेली गोष्ट

हे सूत्र भूमितीचं आहे. चष्म्याचं भिंग घासणारा कारागीर हेच गणित करतो: जुनी वक्रता, नवी वक्रता, मधला फरक घासून टाका. काचेच्या बाबतीत हे पुरतं, कारण काच घासली तरी उरलेली काच जागची हलत नाही.

कॉर्निया मात्र ताणलेला असतो. डोळ्याच्या आत पाऱ्याच्या साधारण १५ मिलीमीटर इतका दाब असतो आणि तो रात्रंदिवस या पडद्याला बाहेर ढकलत राहतो. पडदा टिकतो तो त्यातल्या कोलॅजेनच्या तंतूंमुळे. कॉर्नियाच्या जाडीतला सुमारे ९० टक्के भाग या तंतूंच्या एकावर एक रचलेल्या थरांचा, आणि असे थर दोनशेच्या वर असतात. पुढच्या भागात ते एकमेकांत विणल्यासारखे गुंतलेले असतात, म्हणून तो भाग अधिक मजबूत. मागचे थर सुटे आणि तुलनेनं मऊ. आणि लेझर चालतो तो पुढूनच.

आता टाकीचं गणित लावू. दाबाखालच्या गोलाकार टाकीच्या भिंतीतला ताण काढायचा तर दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीच्या दुप्पट. म्हणजे दाब तोच राहिला आणि भिंतीची जाडी निम्मी झाली, तर ताण दुप्पट.

लॅसिक या पद्धतीत आधी कॉर्नियाचा वरचा पापुद्रा, सुमारे ११० मायक्रॉनचा, झाकणासारखा उघडतात, खालच्या भागावर लेझर चालवतात आणि झाकण परत बसवतात. झाकण बसतं, दिसायलाही छान दिसतं, पण त्यातले कापलेले तंतू पूर्वीसारखे सांधले जात नाहीत. त्यामुळे दाब पेलण्याच्या कामात त्याचा वाटा फार थोडा. मैत्रिणीचा कॉर्निया ५४५ मायक्रॉनचा. त्यातून ११० आणि ७२ गेले, की भार पेलायला ३६३ उरतात. ताण जवळजवळ दीडपट. बहिणीचा मुळातच ४८५ चा. तिचे उरतात ३०३. ताण १.६ पट, आणि मैत्रिणीच्या मूळ डोळ्याशी तुलना केली तर १.८ पट.

ताण बदलला की आकार बदलतो. म्हणजे लेझरनं जो आकार कोरला, नेमका तोच टिकेल असं नाही. हे नेत्रतज्ज्ञांना आधीच एकदा महागात पडलं होतं. लेझरच्या आधी, १९७० च्या दशकापासून, रशियाचे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देऊन नंबर काढण्याची पद्धत लोकप्रिय केली. चिरांमुळे कडेचा भाग सैल होऊन फुगायचा आणि मधला आपोआप सपाट व्हायचा. अमेरिकेत या रुग्णांचा १० वर्षं पाठपुरावा केला. १९९४ मध्ये निकाल आला: ऑपरेशननंतरच्या पहिल्या ६ महिन्यांपासून १० वर्षांपर्यंत ४३ टक्के डोळ्यांचा नंबर १ किंवा अधिक अंशांनी प्लसकडे सरकला होता. पडदा सैल होत राहिला होता, इतकाच त्याचा अर्थ.

लेझरच्या काळात हाच मुद्दा ठामपणे मांडला तो अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या सिंथिया रॉबर्ट्स यांनी. त्या डॉक्टर नव्हेत, अभियंता. २००० मध्ये त्यांनी एका नेत्रवैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, त्याच्या शीर्षकाचा मथितार्थ असा की कॉर्निया म्हणजे प्लास्टिकचा तुकडा नाही. मधले तंतू कापले की कडेचे तंतू सैल पडतात, ते पसरतात आणि मध्यभागाला बाहेर ओढतात. त्यामुळे लेझरनं जितकं सपाट केलं, त्यात या ओढीची भर पडते. ही भर प्रत्येकाच्या डोळ्यात वेगळी असते.

संगणकात डोळा कसा बांधतात

वेगळी म्हणजे किती, हे ऑपरेशनच्या आधी कळावं म्हणून संगणकाची मदत घेतात. पद्धत आमच्याच धंद्यातली: फायनाइट एलिमेंट. १९५० च्या दशकात विमानाच्या पंखांचा हिशेब करताना बोईंगमध्ये ती आकाराला आली आणि १९६० मध्ये रे क्लफ यांनी तिला हे नाव दिलं. कल्पना सरळ आहे. अवघड आकाराची वस्तू हजारो छोट्या ठोकळ्यांत विभागायची. एका ठोकळ्याचं गणित सोपं असतं. शेजारचे ठोकळे एकमेकांना धरून आहेत, एवढी अट घालून सगळ्यांची समीकरणं एकदम सोडवायची. पूल, बॉयलर, मोटारीचे सांगाडे, सगळं असंच तपासलं जातं.

कॉर्नियासाठी हे असं करतात. आधी तपासणीच्या यंत्रातून कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाचा नकाशा घ्यायचा, जागोजागची जाडी घ्यायची. त्यावरून ठोकळ्यांची जाळी तयार करायची. मग तंतूंची दिशा भरायची. ही माहिती इंग्लंडच्या शेजारी वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या कीथ मीक यांच्या गटानं क्ष-किरणांनी मिळवली आहे: मध्यभागी तंतू मुख्यतः उभे आणि आडवे, तर कडेला ते गोल फिरतात, पिंपाला बसवलेल्या कड्यासारखे.

इथे एक गंमत आहे, ती मला फार आवडते. यंत्रानं मोजलेला आकार हा फुगलेल्या डोळ्याचा आकार असतो. आतला दाब त्यात आधीच मिसळलेला आहे. फुगवलेल्या फुग्याचा फोटो घेऊन त्यावर पुन्हा दाब लावला, तर उत्तर चुकणारच. म्हणून संगणक आधी उलटा जातो: दाब नसता तर हा कॉर्निया कसा दिसला असता, ते अंदाज करत करत शोधतो. मग त्यावर दाब लावून मूळ आकार जुळतो का ते तपासतो. जुळला की पुढचं काम. जाळीतून लेझर जेवढं काढेल तेवढं काढायचं, पापुद्र्याचा काप द्यायचा, पुन्हा दाब लावायचा, आणि नवा आकार प्रकाश कसा वळवेल ते मोजायचं.

यातून प्रत्यक्ष उपयोगाचं काय निघतं, त्याचं एक उदाहरण आपल्या गावाशी जोडलेलं आहे. स्माइल नावाची नवी पद्धत तुम्ही जाहिरातींत वाचली असेल. तिच्यात झाकण उघडत नाहीत. फेम्टोसेकंद लेझरनं कॉर्नियाच्या आतच एक पातळ चकती कोरतात आणि काही मिलीमीटरच्या छोट्या छेदातून ती ओढून काढतात. २०११ मध्ये या पद्धतीचे सुरुवातीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात जर्मनीच्या वॉल्टर सेकुंडो यांच्या गटाबरोबर बडोद्याच्या डॉ. रूपल शहा यांचा गटही होता. पुढे २०१४ मध्ये अभिजित सिन्हा रॉय, विल्यम डप्स आणि सिंथिया रॉबर्ट्स यांनी लॅसिक आणि स्माइल यांची संगणकातल्या कॉर्नियावर तुलना केली. लॅसिकमध्ये पापुद्र्यातला ताण उतरतो आणि तो भार खाली उरलेल्या भागावर जातो. स्माइलमध्ये वरचे तंतू बहुतांशी अखंड असल्यानं ताणाची वाटणी मूळ डोळ्याच्या अधिक जवळ राहते, असं त्यात दिसलं. टाकीच्या गणितावरूनही हेच अपेक्षित आहे. मात्र चकती काढली म्हणजे जाडी कमी होतेच, त्यामुळे स्माइल केलं की धोका संपला, असा याचा अर्थ कुणी काढू नये.

मोजता न येणारा आकडा

आमच्या कामात सगळ्यात आधी विचारलेला प्रश्न असतो: पोलाद कोणत्या प्रतीचं? त्याचं प्रमाणपत्र येतं, नमुना ओढून तपासता येतो. जिवंत डोळ्यातला नमुना कापून ओढता येत नाही. कॉर्नियाच्या ताठपणाचे आकडे शोधनिबंधांत पाहिले, तर एकाचा दुसऱ्याशी शेकडो पटींचा फरक आढळतो. तपासण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, वय बदललं की बदलतो, आणि हळू ताणलं की जोरात, यानंही बदलतो.

मग अप्रत्यक्ष मार्ग काढावा लागतो. डोळ्यावर हवेचा हलका झोत मारायचा आणि कॉर्निया आत दबून परत कसा येतो ते टिपायचं. कॉर्व्हिस नावाचं यंत्र सेकंदाला चार हजारांहून अधिक चित्रांच्या वेगानं हे टिपतं. सगळा खेळ सेकंदाच्या तिसाव्या भागात आटोपतो. त्या हालचालीवरून संगणक ताठपणाचा अंदाज करतो. अडचण अशी की डोळ्यातला दाब जास्त असला तरी कॉर्निया कमी दबतो आणि पडदा ताठ असला तरी कमी दबतो. दोन्ही वेगळे करायला आणखी गणित लागतं.

आणि जखम भरण्याचं काय? लेझरनं जिथे खोलगट केलं, तिथे वरची पेशींची त्वचा जाड होऊन खळगा थोडा बुजवते. पोलाद असं काही करत नाही. म्हणून डोळ्याचं मॉडेल ऑपरेशननंतरच्या क्षणाबद्दल जेवढ्या खात्रीनं बोलू शकतं, तेवढ्या खात्रीनं पाच वर्षांनंतरच्या डोळ्याबद्दल बोलू शकत नाही.

मर्यादेत असूनही नकार

आता आत्याच्या प्रश्नाकडे. लॅसिकनंतर काही थोड्या डोळ्यांत कॉर्निया हळूहळू पुढे फुगत जातो. सायकलच्या ट्यूबला रबर विरलेल्या जागी फुगा येतो, तसाच. याला एक्टेशिया म्हणतात. हे दुर्मीळ आहे, पण झालं तर चष्म्यानंही दृष्टी नीट होत नाही. १९९८ मध्ये थिओ सायलर यांनी ही रुग्णं जगासमोर आणली. तेव्हापासून डॉक्टर दोन ढोबळ मर्यादा पाळत आले आहेत: खाली किमान २५० मायक्रॉन उरले पाहिजेत, आणि पापुद्रा अधिक खरवडलेला भाग मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांच्या आत हवा. ही दुसरी मर्यादा २०१४ मध्ये पुढे आली.

बहिणीचे ३०३ उरत होते. टक्केवारी साडेसदतीस. दोन्ही मर्यादांत ती बसत होती. म्हणूनच घरात सगळे चक्रावले.

पण तिच्या नकाशात खालच्या बाजूला एक भाग वरच्यापेक्षा जास्त उभट होता. सरासरी जाडीचा आकडा अशी जागा दाखवत नाही. २५० आणि ४० या मर्यादा धरून चालतात की पडदा सगळीकडे सारखा मजबूत आहे. टाकीच्या भिंतीत एका जागी गंज असेल, तर भिंतीची सरासरी जाडी कितीही चांगली भरो, आम्ही ती टाकी दाबाखाली जाऊ देत नाही. संगणकातल्या मॉडेलमध्येही एखाद्या जागेचे ठोकळे थोडे मऊ केले, की जाडी तीच ठेवूनही फुगवटा तिथेच येतो. त्या डॉक्टरांनी गंजाची शंका घेतली आणि हात आवरता घेतला. हे मी आत्याला सांगितलं. "दुसरं मत जरूर घे," असंही म्हटलं, "पण 'करून देतात का' असं विचारायला जाऊ नकोस. 'खालचा भाग असा का दिसतो' ते विचारायला जा." दुसऱ्या डॉक्टरांनीही वर्षभर थांबून नकाशा पुन्हा काढायला सांगितलं. हा दोष वाढत गेला, तर रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील प्रकाश वापरून तंतू घट्ट बांधण्याचा उपचार आता आहे, पण त्याची वेळ येते का, ते पुढचे नकाशेच सांगतील.

तुमच्यापैकी कुणी तपासणीला जाणार असाल, तर एवढं करा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद ठेवा, कारण लेन्सच्या दाबानं कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा चुकतो. गेल्या दोन-तीन वर्षांचे चष्म्याचे कागद बरोबर न्या. नंबर अजून वाढत असेल तर थांबणं बरं. घरात कुणाला केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा होण्याचा आजार, असेल तर न विचारता सांगा. डोळे चोळायची सवय असेल तर तीही सांगा, आणि सोडा.

मग चार प्रश्न विचारा. माझ्या कॉर्नियाची सर्वांत कमी जाडी किती आणि ती कुठे आहे? ऑपरेशननंतर भार पेलायला किती उरेल? पुढचा आणि मागचा, दोन्ही नकाशे एकसारखे आहेत का? ताठपणाची तपासणी तुमच्याकडे होते का, आणि माझी काय आली? उत्तरं लिहून घ्या, नकाशाची प्रत मागा आणि फाइलला लावून ठेवा. ऑपरेशन झालं तरी ती प्रत जपा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना तेव्हाच्या डॉक्टरांना आजचे हेच आकडे लागतील.